एली कल्बर्टसन

एली कल्बर्टसन (२२ जुलै १८९१ – २७ डिसेंबर १९५५) हे काँट्रॅक्ट ब्रिज या पत्त्यांच्या खेळाचे अमेरिकन खेळाडू, लेखक व प्रसारक होते.

जीवन

त्यांचा जन्म रोमेनियात झाला. वडील अमेरिकन खाण-अभियंता, तर आई रशियन होती. १९१७ च्या रशियन राज्यक्रांतीत कुटुंबाची संपत्ती गेल्यावर पत्ते हेच त्यांच्या उपजीविकेचे साधन बनले. १९२३ मध्ये त्यांनी ब्रिज-शिक्षिका जोसेफाइन डिलन यांच्याशी विवाह केला. १९२९ मध्ये त्यांनी 'द ब्रिज वर्ल्ड' हे मासिक सुरू केले आणि १९३० मध्ये 'ब्लू बुक' हा ग्रंथ प्रसिद्ध केला.

बोलीपद्धती

प्रतिपक्षाने बोललेल्या रंगाचीच बोली देणे म्हणजे क्यू-बिड. समजा, एका खेळाडूने 'एक बदाम' अशी सुरुवात केली, प्रतिपक्षाने 'दोन किलवर' म्हटले आणि पुढील पाळीत त्याच खेळाडूने 'तीन किलवर' म्हटले. कल्बर्टसनकाळात अशा बोलीतून किलवरचा एक्का असल्याचे किंवा किलवरचे एकही पान नसल्याचे सूचित होई आणि जोडीदाराला गेमपर्यंत बोली चालू ठेवावी लागे. पुढे या अटी सैल झाल्या. केवळ ताकद दाखवून जोडीदाराकडून माहिती मिळवण्यासाठीही ती वापरली जाऊ लागली.

लेन्झ सामना

प्रतिस्पर्धी तज्ज्ञांनी त्यांच्या पद्धतीविरुद्ध आघाडी उघडल्यावर कल्बर्टसन यांनी सिडनी लेन्झ यांना आव्हान दिले. डिसेंबर १९३१ ते जानेवारी १९३२ या काळात न्यू यॉर्कमध्ये झालेला १५० रबरांचा हा सामना त्यांनी ८,९८० गुणांनी जिंकला. मात्र १९३७ मध्ये बुडापेस्ट येथील जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत त्यांचा संघ ऑस्ट्रियाकडून पराभूत झाला.

उत्तरायुष्य

नंतर त्यांनी जागतिक शांततेच्या योजनेला वाहून घेतले. व्हरमाँट राज्यातील ब्रॅटलबरो येथे त्यांचे निधन झाले.