डॉ. रॉबर्ट डॅनियल लॉरेन्स

ज्या औषधानें प्राण वांचतो, त्याच औषधाची मात्रा चुकल्यास प्राण संकटांत पडतो. हें स्वतःच्या देहावर अनुभवून इतरांस शिकविणाऱ्या एका थोर वैद्याचा परिचय आम्ही येथें करून देत आहों.

रॉबर्ट डॅनियल लॉरेन्स यांचा जन्म १८९२ सालीं स्कॉटलंडांतील ॲबर्डीन शहरीं झाला. पहिल्या महायुद्धांत ते लष्करी डॉक्टर म्हणून हिंदुस्थानच्या सरहद्दीवर होते. पुढें लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयांत असतां, शवावर शस्त्रक्रियेचा सराव करतांना हाडाची कपची उडून त्यांच्या डोळ्यास इजा झाली. आणि त्या निमित्तानें १९२० सालीं त्यांस मधुमेह असल्याचें उघडकीस आलें. त्या काळीं अर्धपोटीं राहण्याखेरीज ह्या व्याधीवर उपाय नव्हता. मृत्यु जवळ आला असें समजून ते इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं जाऊन राहिले. १९२३ च्या मे महिन्यांत एका सहकाऱ्यानें तार करून इन्सुलिन मिळाल्याचें कळविलें. क्षीण झालेले लॉरेन्स लंडनला परतले, व ३१ मे रोजीं त्यांस पहिली सुई टोचण्यांत आली.

खरी परीक्षा येथूनच सुरू झाली. इन्सुलिन कमी पडल्यास साखर चढते. अधिक झाल्यास ती एकाएकीं उतरून घाम, कंप व शेवटीं बेशुद्धि येते. म्हणून अन्न तोलावें, तपासणी करावी, मगच मात्रा ठरवावी, ही शिस्त त्यांनीं १९२५ सालीं ‘द डायाबेटिक लाइफ’ ह्या ग्रंथांत रोग्यांसही समजेल अशी मांडली. व्यायामानें इन्सुलिनचा प्रभाव वाढतो, हेंही त्यांनीं १९२६ सालीं दाखविलें.

आज रक्तांतील साखर घरींच मोजतां येते, तरी हिशेब सुटलेला नाहीं. समजा, साखर दर डेसिलिटरास २४० मिलिग्रॅम आहे, ती १२० वर आणावयाची आहे, आणि एका युनिटानें ती ४० नें उतरते असें डॉक्टरांनीं त्या रोग्यापुरतें ठरवून दिलें आहे. १२० ला ४० नें भागल्यास ३ युनिट येतात. परंतु आधीं घेतलेल्या इन्सुलिनपैकीं १ युनिट अद्याप काम करीत असेल, तर तें वजा करून दोनच घ्यावयाचे. ही वजाबाकी विसरून घाईनें सुईवर सुई घेणें, यांतच मोठा धोका आहे.

१९३४ सालीं लॉरेन्स यांनीं एच. जी. वेल्स यांच्यासह मधुमेही लोकांची संस्था स्थापिली. १९६८ सालीं ते निवर्तले. पहिल्या सुईनंतर त्यांस ४५ वर्षांचें आयुष्य लाभलें. गणिताच्या तासास कंटाळणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं हें चरित्र ध्यानांत ठेवावें, कारण येथें एका साध्या वजाबाकीवर मनुष्याचा प्राण अवलंबून असतो.