एक्स्प्लेनर : मल्लखांबाचे जनक की पुनरुज्जीवक? पेशवाईतले बाळंभटदादा देवधर कोण होते?

लातूर : मल्लखांबाचा एखादा व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागला की खाली कोणीतरी लिहितो, हा खेळ बाळंभटदादा देवधरांनी शोधला. लगेच दुसरा लिहितो, चूक, हा खेळ बाराव्या शतकापासून आहे. वाद तिथेच सुरू होतो आणि तिथेच संपतो. ज्यांच्या नावावरून वाद होतो, ते बाळंभटदादा नेमके कोण होते, त्यांनी काय केले, हे मात्र बाजूला राहते.

त्यांच्या आयुष्याची गोष्ट पुण्यात सुरू होते आणि गंगेच्या काठी पोहोचते. या गोष्टीत आपल्या मराठवाड्याचाही धागा आहे, तोही दोन ठिकाणी.

दरबारात आलेले आव्हान

बाळंभटदादा देवधर हे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी होते. दुसरे बाजीराव डिसेंबर १७९६ मध्ये पेशवेपदी आले आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी पेशवाई संपवली. हा काळ धामधुमीचा होता. १७९५ मध्ये मराठे आणि निजाम खर्ड्याला लढले होते. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांचा पराभव केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बाजीरावांनी वसईचा तह करून इंग्रजांचा आश्रय घेतला. पण राजकारण काहीही असो, तालमी चालू होत्या आणि दरबारात पैलवानांना मान होता.

त्या काळी नामांकित मल्ल एका दरबारातून दुसऱ्या दरबारात जात. तिथे त्यांची मागणी सरळ असे. आमच्याशी लढणारा मल्ल द्या, नाहीतर आम्ही जिंकलो असे लिहून द्या. असे जयपत्र देणे म्हणजे त्या दरबाराची नाचक्की.

मल्लखांबाच्या परंपरेत सांगितल्या जाणाऱ्या कथेनुसार अली आणि गुलाब नावाचे दोन बलदंड मल्ल हेच आव्हान घेऊन पेशव्यांकडे आले. ते निजामाच्या मुलखातले होते. आजच्या लातूर-नांदेडचा बराच भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. म्हणजे या कथेतले आव्हानवीर आपल्या बाजूने गेलेले होते.

पेशव्यांच्या दरबारात पुढे यायला कोणी तयार होईना. तेव्हा बाळंभटदादांनी आव्हान स्वीकारले. पण लगेच कुस्ती धरली नाही, तयारीसाठी काही दिवसांची मुदत मागून घेतली.

गडावर काय घडले?

मुदत मिळाल्यावर बाळंभटदादा नाशिक जिल्ह्यातल्या वणीजवळच्या सप्तशृंगी गडावर गेले. तिथे त्यांनी देवीची उपासना केली. कथा पुढे सांगते की त्यांना मारुतीचा दृष्टान्त झाला आणि लाकडी खांबावर मारुतीने कुस्तीच्या पकडी करून दाखवल्या. काही जण हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने सांगतात. झाडांवर खेळणारी माकडे फांदीला पायांनी कशी मिठी घालतात, कशी सुटतात, उलटी होऊन पुन्हा कशी धरतात, हे पाहून त्यांना खांबाची कल्पना सुचली, असे ते म्हणतात.

दृष्टान्त माना किंवा निरीक्षण, गडावरून परतलेले बाळंभटदादा वेगळ्या तयारीचे होते. कुस्तीत त्यांनी अलीला हरवले. ते पाहून गुलाबने लढण्याचा विचार सोडला. पेशव्यांची लाज राखली गेली आणि बाळंभटदादांचे नाव झाले.

कथा इथे संपत असती तर ते फक्त एका कुस्तीचे विजेते म्हणून उरले असते. पुढचे काम त्याहून मोठे आहे. त्यांनी आपली तयारीची पद्धत स्वतःपुरती ठेवली नाही, ती शिकवायला घेतली. खुद्द बाजीरावांनाही त्यांनी मल्लविद्येचे धडे दिल्याचे सांगितले जाते.

कुस्तीसाठी खांब कशाला?

मल्लखांब हा आज स्वतंत्र खेळ आहे. सुरुवातीला मात्र तो मल्लांचे सरावाचे साधन होता. नावातच ते आहे, मल्लाचा खांब.

सराव करताना पैलवानाला जोडीदार लागतो. जोडीदार थकतो, त्याला दुखापत होते, कधी तो आपल्यापेक्षा फार हलका किंवा फार जड असतो. खांबाला यातले काहीच होत नाही. तो कधीही हजर असतो आणि हजार वेळा पकड घातली तरी तक्रार करत नाही.

खांब साधारणपणे शिसवी किंवा सागवानी असतो. खाली जाड आणि वर निमुळता होत जातो. त्याच्या भागांची नावेही शरीरावरून आहेत. सर्वांत वर बोंड, त्याखाली मान आणि त्याखाली अंग. म्हणजे समोर उभा आहे तो लाकडाचा प्रतिस्पर्धीच.

खांबाला एरंडेल तेल लावतात. तेल लावले तर हात-पाय निसटणार नाहीत का, असा प्रश्न नव्याने पाहणाऱ्याला पडतो. पण तेलाचा उपयोग दुहेरी आहे. एक तर अंग लाकडावर घासून कातडी सोलली जात नाही. दुसरे म्हणजे घर्षण कमी झाल्यामुळे पकड स्नायूंच्या जोरावरच टिकवावी लागते. कुस्तीतही समोरच्याचे अंग घामाने निसरडे झालेले असते. खांबावर कमावलेली मांड्यांची आणि पायांची पकड तिथे कामाला येते.

सलामी, अढी, तेढी, बगली, दसरंग, फरारे, ताजवे, सुईदोरा अशी एकेका प्रकाराची नावे आजही मराठीच आहेत. यातली अढी म्हणजे खांबाला पायांनी घातलेली तिढ्याची मिठी. मल्लखांब शिकणाऱ्या मुलाचा पाया इथेच घातला जातो.

खांबाचे मुख्य प्रकार तीन. जमिनीत पुरलेला, साखळीला टांगलेला आणि दोरीचा. दोरीच्या जागी पूर्वी वेत असे. चांगला वेत मिळणे अवघड झाले तेव्हा दोर आला. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्यात दोर धरून वर चढायचे आणि कुठेही गाठ न मारता आसने करायची, हे दोरीच्या मल्लखांबाचे वैशिष्ट्य. मुलींमध्ये हा प्रकार विशेष रुजला.

पेशवाई गेली, तालीम राहिली

१८१८ मध्ये बाजीराव इंग्रजांना शरण गेले. त्यांना वर्षाला आठ लाख रुपयांचा तनखा मिळाला, पण पुणे सोडावे लागले. कानपूरजवळ गंगेकाठी बिठूरला त्यांना ठेवण्यात आले. ब्रह्मावर्त म्हणून मराठी लोक ओळखतात ते हेच गाव. मोठा लवाजमा त्यांच्यासोबत गेला. त्यात मल्लविद्याही गेली.

राज्य गेले, फौज गेली, दरबार नावापुरता उरला. तालीम मात्र बिठूरला पुन्हा उभी राहिली, कारण ती गुरू आणि शिष्यांच्या अंगात होती. तिच्यासाठी वाडा किंवा किल्ला लागत नव्हता. एक खांब, थोडे तेल आणि शिकवणारा माणूस एवढे पुरेसे होते.

बाजीरावांचे दत्तकपुत्र नानासाहेब, तात्या टोपे आणि पुढे झाशीची राणी झालेली मनू तांबे, हे तिघे याच बिठूरच्या वातावरणात वाढले. तिघांनीही तिथे मल्लखांबाचे शिक्षण घेतल्याचे मल्लखांबाच्या परंपरेत आवर्जून सांगितले जाते. १८५७ च्या उठावात ही तीन नावे आघाडीवर होती.

बाळंभटदादांच्या शिष्यपरंपरेत कोंडभट गोडबोले आणि दामोदरगुरू मोघे यांची नावे घेतली जातात. या परंपरेतून मल्लखांब काशीला पोहोचला आणि उत्तर हिंदुस्थानात पसरला. मध्य प्रदेशातही तो खोलवर रुजला. २०१३ मध्ये मध्य प्रदेशने मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून घोषित केले. खेळ महाराष्ट्राचा आणि मान आधी मध्य प्रदेशचा कसा, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. गुरू-शिष्यांचा हा प्रवास पाहिला तर ते वाटणार नाही.

मग जनक कोण?

आता कॉमेंटमधल्या वादाकडे येऊ. बाराव्या शतकाचा उल्लेख येतो तो मानसोल्लास या संस्कृत ग्रंथावरून. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर हा ग्रंथ आहे आणि तो ११३० च्या आसपासचा मानला जातो. राजाचा कारभार, आहार, करमणूक, खेळ असे अनेक विषय त्यात आहेत. मल्लांवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि मल्लांच्या सरावात खांबाचाही उल्लेख येतो.

ही कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. लातूरच्या आग्नेयेला, कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्यात. १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना होईपर्यंत लातूर आणि बसवकल्याण एकाच हैदराबाद राज्यात होते. म्हणजे मल्लखांबाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख आपल्या शेजारच्या राजधानीतला आहे. रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदारांचा हा जिल्हा कुस्तीसाठी ओळखला जातो. पण मल्लखांबाशीही या मुलखाचे नाते आहे, हे फारसे सांगितले जात नाही.

त्यामुळे बाळंभटदादांना जनक म्हणणे अचूक नाही. खांबाचा सराव त्यांच्या साडेसहाशे वर्षे आधी माहीत होता. पण मानसोल्लासानंतर बाळंभटदादांपर्यंत ही विद्या मागे पडली होती. तिला पुन्हा उभे करणे, तिच्यात पकडी बसवणे आणि शिष्य तयार करणे हे काम त्यांच्या नावावर आहे. पुनरुज्जीवक हा शब्द बरोबर बसतो आणि तो जनकापेक्षा कमी मानाचा नाही.

अली आणि गुलाब यांच्या नावांवरून ही कथा दोन धर्मांची लढत म्हणून पुढे पाठवली जाते. तेही बरोबर नाही. कथेतला सामना दोन दरबारांच्या मल्लांचा आहे. मल्लविद्येत गुरूचा धर्म पाहिला जात नसे. बडोद्यात जुम्मादादांच्या आखाड्यातून प्रोफेसर माणिकराव घडले. त्यांनी तो आखाडा गुरूच्याच नावाने वाढवला आणि देशी व्यायामाच्या प्रसारासाठी आयुष्य दिले.

बर्लिनमधला समकालीन

बाळंभटदादा पेशव्यांच्या पदरी होते त्याच काळात जर्मनीत फ्रीडरिश लुडविग यान हा शिक्षक असेच काम करत होता. १८११ मध्ये त्याने बर्लिनच्या बाहेर उघड्यावर व्यायामाचे मैदान सुरू केले. समांतर बार, आडवा बार अशी साधने त्याने प्रचारात आणली. बाळंभटदादांचे राज्य १८१८ मध्ये गेले, यानला १८१९ मध्ये अटक झाली आणि प्रशियात त्याच्या व्यायामशाळांवर बंदी आली. दोघांच्याही विद्या सत्तेच्या फटक्यातून वाचल्या.

फरक एका गोष्टीत पडला. यानने १८१६ मध्ये सहकाऱ्यासोबत आपल्या पद्धतीचे पुस्तक छापले. साधने, हालचाली, शिकवण्याचा क्रम कागदावर आला. त्यातून संघटना झाल्या, नियम झाले आणि १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिम्पिकमध्ये जिम्नॅस्टिक्स होते. त्या स्पर्धेत चक्क दोरावर चढण्याचीही शर्यत होती. बाळंभटदादांची विद्या गुरूकडून शिष्याकडे अंगावाटे गेली. त्यामुळे ती टिकली, पण प्रत्येक आखाड्याची रीत वेगळी राहिली. गुण कसे द्यायचे हेच ठरले नव्हते, तर स्पर्धा कशी होणार?

गंमत अशी की १९३६ च्या ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने मल्लखांबासह देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, ती यानच्याच बर्लिनमध्ये.

आज मल्लखांब कुठे आहे?

नियम, गुणपद्धती आणि राष्ट्रीय स्पर्धा ही कामे स्वातंत्र्यानंतर झाली. आता आसनाची कठीणता, सफाई आणि उतरण्याची पद्धत पाहून गुण दिले जातात. जिम्नॅस्टिक्सचा प्रेक्षक हे सहज समजू शकतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईत शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि तिथे परदेशी संघ उतरले. पुढे खेलो इंडिया युवा स्पर्धा आणि २०२२ ची गुजरातमधली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा यांत मल्लखांबाला जागा मिळाली. प्रशिक्षक योगेश मालवीय यांना द्रोणाचार्य, खेळाडू सागर ओव्हाळकर यांना अर्जुन आणि दादरच्या समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना पद्मश्री मिळाली.

ऑलिम्पिक अजून दूर आहे. त्यासाठी अनेक देशांत संघटना, पंच आणि नियमित स्पर्धा लागतील.

आपल्या भागातल्या पालकांसाठी एक गोष्ट मात्र आजच लागू आहे. जिम्नॅस्टिक्सची सगळी साधने, गाद्या आणि बंदिस्त हॉल उभा करायला मोठा खर्च येतो आणि लहान गावाला तो झेपत नाही. मल्लखांबाला खांब, खाली गादी, तेल आणि जाणकार शिक्षक पुरतो. यातला शिक्षक मिळणे सर्वांत अवघड. बाळंभटदादांनी दोनशे वर्षांपूर्वी एक कुस्ती जिंकली आणि त्यानंतर तेच अवघड काम केले. ते शिकवत राहिले.