९१ नियमांचा ग्रंथपाल

ज्याला एकदा फाशीची शिक्षा फर्मावली गेली आहे असे ग्रंथपाल जगात फार झाले नसतील. अँतोनिओ पॅनिझी हा तसा होता. इटलीतील ब्रेशेल्लो गावी १७९७ मध्ये तो जन्मला, वकिली शिकला आणि मोदेनाच्या जुलमी ड्यूकविरुद्ध कट करणाऱ्या गुप्त मंडळात सामील झाला. १८२२ मध्ये अटक टाळून तो निसटला. पुढल्याच वर्षी त्याच्या गैरहजेरीत मोदेनाच्या न्यायालयाने त्याला देहान्ताची शिक्षा सुनावली. वर त्या न झालेल्या फाशीच्या खर्चाचे बिलही त्याला धाडले, आणि पॅनिझीने आपल्या मृतात्म्याच्या नावाने त्याला उत्तर दिले, असे सांगतात.

लिव्हरपूलला इटालियनच्या शिकवण्या, १८२८ पासून लंडन विद्यापीठात इटालियनचे अध्यापन, पण विद्यार्थी थोडे. १८३१ मध्ये तो ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात नोकरीला लागला. १८३७ मध्ये मुद्रित ग्रंथांचा मुख्य नेमताना दान्तेचा इंग्रजी अनुवादक केरी याची ज्येष्ठता डावलून पॅनिझीला निवडले, तेव्हा या परक्या माणसाविरुद्ध बरीच ओरड झाली.

ग्रंथालयात तेव्हा सुमारे २,३५,००० ग्रंथ होते. पण ते सापडायचे कसे? सूचीत एकाच लेखकाचे नाव निरनिराळ्या तऱ्हांनी लिहिलेले. एक उमराव कुठे पदवीखाली, तर कुठे घराण्याच्या आडनावाखाली. पॅनिझीने वॉट्स, जोन्स, एडवर्ड्स व पॅरी या सहकाऱ्यांना प्रत्येकी स्वतंत्रपणे नियम लिहायला लावले आणि मग एकत्र बसून त्यांवर वाद घातला. त्यातून निघालेले ९१ नियम १८४१ मध्ये छापले गेले. नोंद ग्रंथाच्या मुखपृष्ठावरून करावी, उमरावाचे ग्रंथ घराण्याच्या नावाखाली घालावेत, टोपणनावाने आलेले पुस्तक टोपणनावाखाली ठेवून खरे नाव कळल्यास कंसात द्यावे, असे हे नियम. नोंद करणारा कोणीही असो, ती एकाच तऱ्हेने लिहिली जावी, हा सगळा आटापिटा त्यासाठी होता.

आपल्याकडचे उदाहरण घेतो. राम गणेश गडकरी नाटकांवर गडकरी, कवितेवर गोविंदाग्रज आणि विनोदी लेखांवर बाळकराम. आमच्या ग्रंथालयाच्या कार्डांच्या खणात ते तीन ठिकाणी विखुरलेले मी पाहिले आहेत. नवा विद्यार्थी एक खण उघडतो, एवढेच आहे असे समजून परत जातो. पॅनिझीचा टोपणनावाचा नियम मला गडकऱ्यांपुरता अडचणीचाच वाटतो; सगळे एका नावाखाली आणून बाकीच्या दोन नावांवर तिकडे पाहा असे लिहिणे मला अधिक सोयीचे वाटते. पण नियम कोणताही असो, तो प्रत्येक कार्डावर पाळला गेला पाहिजे, या त्याच्या हट्टाला मात्र मी पूर्ण मान देतो.

त्याचे विरोधकही साधे नव्हते. इंग्रजीच्या अभ्यासक्रमात आपण ज्या कार्लाइलला भक्तिभावाने वाचतो, तो त्यांत अग्रभागी. फ्रेंच राज्यक्रांतीवरील म्युझियममधली हजारो पत्रके सूचीत नव्हती. त्याचा राग त्याने पॅनिझीवर काढला. १८४१ मध्ये लंडन लायब्ररी निघाली ती कार्लाइलच्याच खटपटीने, हा त्या रागाचा चांगला परिणाम. पुढे त्याने म्युझियममध्ये स्वतःसाठी वेगळी खोली मागितली, ती त्याला मिळाली नाही. मला यात पॅनिझीचा ताठा दिसत नाही. गरीब विद्यार्थ्यालाही ज्ञान मिळवण्याची साधने सर्वांत श्रीमंत माणसाइतकीच उपलब्ध असावीत, असे त्याने १८३६ मध्येच संसदेच्या समितीपुढे सांगितले होते. ज्याच्या ओळखीपाळखी नाहीत, त्याला ग्रंथपालाची मर्जी नव्हे, तर चोख सूचीच उपयोगी पडते.

१८४७ मध्ये म्युझियमच्या चौकशीसाठी आयोग बसला. एवढ्या बारीक नियमांची गरज काय, थोडक्यात व भराभर सूची छापून काढा, असे अनेकांचे म्हणणे. आयोगाचा चिटणीस जे. पी. कॉलियर याने नमुना म्हणून आपल्याच घरच्या पुस्तकांच्या २५ नोंदी करून दाखवल्या. जोन्सने त्या तपासल्या, तेव्हा सूचीत होऊ शकतील अशा जवळजवळ सगळ्या प्रकारच्या चुका त्या २५ नोंदींत सापडल्या! (शेक्सपिअरच्या जुन्या प्रतीवरील बनावट दुरुस्त्यांच्या प्रकरणात पुढे गाजला तो हाच कॉलियर.) १८५० मध्ये आयोगाचा अहवाल आला, तो पॅनिझीच्या बाजूने.

१८५६ मध्ये तो साऱ्या म्युझियमचा प्रमुख झाला. १८५७ मध्ये त्याच्या कल्पनेतले गोल वाचनालय उघडले. त्याच्या मधोमध सूचीचे खंड वर्तुळाकार मांडले होते. १८६६ मध्ये तो निवृत्त झाला. १८६८ मध्ये एक झालेल्या इटलीने आपल्या या फाशीच्या कैद्याला सिनेटर केले आणि पुढल्या वर्षी इंग्लंडने सर ही पदवी दिली. १८७९ मध्ये लंडनला तो वारला. त्यानंतर १३ वर्षांनी, १८९२ मध्ये, याच ग्रंथालयातील मराठी व गुजराती मुद्रित पुस्तकांची ब्लूमहार्टने केलेली सूची प्रसिद्ध झाली.