धनंजयराव गाडगीळ

बाजारातून आपण फळे विकत आणतो. परंतु आपण मोजलेल्या किमतीपैकी किती पैसे बागाइतदाराच्या पदरी पडले आणि किती वाटेतच अडत्या, घाऊक व्यापारी व फेरीवाला यांच्या हाती राहिले, हा विचार आपल्या मनात क्वचितच येतो. प्रश्न दिसावयास साधा आहे; पण त्याचे खरे उत्तर हवे असेल, तर घरी बसून तर्क लढवून भागत नाही. त्यासाठी बाजारात जावे लागते, माणसांना विचारावे लागते आणि मिळालेले आकडे पुन्हा पुन्हा तपासावे लागतात. पुणे शहरातील फळांच्या व्यापाराची अशी शास्त्रशुद्ध पाहणी १९३३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ही पाहणी करणाऱ्यांत प्रमुख होते थोर अर्थशास्त्रज्ञ धनंजय रामचंद्र गाडगीळ.

धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिक येथे झाला. त्यांचे बालपण व शालेय शिक्षण नागपुरात झाले. पुढे उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी आपल्याच देशाचा प्रश्न अभ्यासाला घेतला. हिंदुस्थानातील जुने हस्तव्यवसाय का मोडले, नवे कारखाने कसे उभे राहिले आणि या उलथापालथीत शेतकऱ्यांचे व कारागिरांचे काय झाले, याचा त्यांनी शोध घेतला. त्यांचा हा प्रबंध १९२४ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. पुढे कितीतरी वर्षे हा ग्रंथ विद्यार्थी आदराने अभ्यासत राहिले.

स्वदेशी परतल्यावर त्यांनी काही काळ मुंबई सरकारच्या अर्थखात्यात काम केले व नंतर सुरत येथील महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. त्यांच्या आयुष्याला खरे वळण मिळाले ते १९३० साली. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी भारत सेवक समाजाला दिलेल्या देणगीतून त्या वर्षी पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि तिची धुरा धनंजयरावांकडे आली. ती त्यांनी थोडीथोडकी नव्हे, तर छत्तीस वर्षे वाहिली.

त्या काळी आपल्या देशाविषयी मते पुष्कळ होती. खात्रीची माहिती मात्र थोडी होती. गरिबीवर जो तो आपापला उपाय सांगे. पण घरात मिळवते किती, खाणारे किती आणि कर्ज किती, हे कोणी मोजलेले नसे. धनंजयरावांनी आपल्या सहकाऱ्यांना मोजावयास शिकविले. संस्थेचे कार्यकर्ते बाजारांत व वस्त्यांत हिंडू लागले. मोटारवाहतुकीची पाहणी झाली, वाई तालुक्यातील शेतीच्या जमाखर्चाची पाहणी झाली, पुणे शहरातील कुटुंबांच्या राहणीची पाहणी झाली. आधी वस्तुस्थिती नीट जाणून घ्यावी आणि मगच उपाय सांगावा, हा या सर्व कामामागचा दंडक होता.

अशीच एक पाहणी गोदावरी व प्रवरा या नद्यांच्या कालव्यांच्या प्रदेशात झाली. आजच्या अहिल्यानगर, म्हणजे त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील माळराने कालव्याच्या पाण्याने हिरवी झाली होती. शेतात ऊस डोलत होता. पण उसाचे गुऱ्हाळ करून गूळ विकावा, तर भाव कोसळत आणि शेतकरी पुन्हा सावकाराच्या दारी जाई. शेतकऱ्याने केवळ कच्चा माल पिकवून भागणार नाही. त्या मालाची साखर करणारा कारखानाही त्याच्याच मालकीचा हवा, असे धनंजयरावांचे मत झाले.

त्याच प्रदेशातील लोणी गावात विठ्ठलराव विखे पाटील हे शेतकरी राहत होते. त्यांचे शालेय शिक्षण बेताचेच होते. पण त्यांनी १९२३ सालीच गावात सहकारी पतपेढी काढली होती. केंब्रिजला शिकलेला पंडित आणि काळ्या मातीत राबणारा शेतकरी एकत्र आले. विठ्ठलरावांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमविले. काम मोठे जोखमीचे होते. कारखाना बुडाला असता, तर गरिबांनी पोटाला चिमटा घेऊन दिलेली रक्कम बुडाली असती आणि सहकारावरील लोकांचा विश्वासही उडाला असता. तरीही धनंजयराव मागे सरले नाहीत. आपल्या विद्वत्तेचा लौकिक पणाला लावून त्यांनी कारखान्याचे अध्यक्षपद स्वीकारले. सरकारनेही भाग घेतले, कर्जाची सोय झाली आणि १९५० साली महाराष्ट्रातील हा पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरेच्या परिसरात सुरू झाला. त्याचे यश पाहून पुढे राज्यात अनेक सहकारी कारखाने उभे राहिले.

शेतकऱ्याच्या कर्जाचा प्रश्न मात्र साऱ्या देशाचा होता. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ साली ग्रामीण कर्जाची देशव्यापी पाहणी केली, तेव्हा तिच्या मार्गदर्शक समितीत धनंजयराव होते. ७५ जिल्ह्यांतील ६०० खेड्यांत जाऊन सव्वा लाखाहून अधिक कुटुंबांची माहिती गोळा करण्यात आली. शेतकरी घेत असलेल्या दर शंभर रुपयांच्या कर्जापैकी सुमारे सत्तर रुपये सावकारांकडून येतात आणि सहकारी संस्थांकडून जेमतेम तीनच रुपये येतात, असे तिच्यात आढळले. हे सत्य कटू होते. पण ते कळल्यामुळेच सहकारी संस्थांना सरकारने भक्कम आधार द्यावा, हा विचार देशात रुजला.

१९६७ साली धनंजयराव नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. केंद्र सरकारची मदत राज्यांना कोणत्या नियमाने वाटावी, याचे ठराविक सूत्र तेव्हा नव्हते. त्यांच्या विचारातून १९६९ साली असे सूत्र तयार झाले. मदतीचा साठ टक्के भाग लोकसंख्येच्या प्रमाणात द्यावा आणि दहा टक्के भाग दरडोई उत्पन्न कमी असलेल्या राज्यांसाठी राखावा, असे त्यात ठरले; उरलेल्या भागासाठीही कसोट्या नेमून दिल्या होत्या. दुर्बळ राज्यांना आपला वाटा त्यामुळे हक्काने मागता येऊ लागला. हे सूत्र गाडगीळ सूत्र या नावाने प्रसिद्ध झाले.

दिल्लीतील पदभार सोडून पुण्यास परतत असताना, ३ मे १९७१ रोजी आगगाडीतच त्यांचे निधन झाले. फळबाजारातील भावापासून साऱ्या देशाच्या नियोजनापर्यंत त्यांनी अनेक प्रश्न अभ्यासले. पण त्यांच्या प्रत्येक आकड्यामागे एक राबणारा माणूस होता आणि त्याचा त्यांना कधीही विसर पडला नाही. शेतातून निघालेले त्यांचे ज्ञान पुन्हा शेतकऱ्याच्या कामी आले, यातच त्यांच्या विद्येचे सार्थक आहे.