कापरेकर मास्तर आणि ६१७४

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने गणितज्ञाचे चरित्र लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण आमच्या दुर्गदबैलमधील दुकानाची तेरीज जुळली नाही, की वडील प्रथम फरकाला नऊने भागून पाहतात. भाग गेला, तर कुठेतरी ७२ चे २७ झाले असावेत, हा त्यांचा ठोकताळा. आकड्यांच्या अशाच उलटापालटीतून एका शाळामास्तराने जगाला एक संख्या दिली, हे मला गेल्या वर्षी संगणकाच्या तासाला कळले.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. आठव्या वर्षी मातृछत्र हरपले. वडील कारकून, त्यांच्या ज्योतिषाच्या नादातून मुलाला आकडेमोडीची गोडी लागली. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ साली त्यांना गणितातील स्वतंत्र कामाबद्दल रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते पदवीधर झाले. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीत शिक्षकाची नोकरी केली. पदव्युत्तर शिक्षण नव्हते. शोध लागावा, तो स्वतःच पुस्तिकेत छापावा, असा त्यांचा क्रम. अनेक विद्वानांना हा पोरखेळ वाटे. मास्तर मात्र संख्यांना मुलांसारखी नावे ठेवीत: एकीला रेल्वे स्थानकावरून 'डेम्लो', तर अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणारीला 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी.

१९४६ साली त्यांना ६१७४ सापडली. चार आकडी कोणतीही संख्या घ्या. चारही अंक सारखे मात्र नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करा, उत्तराचे पुन्हा तसेच करा. ३५२४ घेतली, तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. तेथून पुढे हलायचे नाही! फार तर सात वजाबाक्या पुरतात.

मी याचा प्रोग्रॅम लिहिला. मोठ्या ऐटीत धारवाडच्या बसच्या तिकिटावरील शेवटचे आकडे घातले: २१२२. पडद्यावर उत्तर आले शून्य! मास्तरांचेच चुकले की काय, असे क्षणभर वाटले. दोन दिवस डोके खाजवले. शेवटी कन्नड माध्यमातून आलेल्या माझ्या मित्राने वहीवर पेन्सिलीने तेच गणित केले, आणि चूक सापडली. पहिली वजाबाकी ९९९. यंत्राने ती तीन आकडी धरली; खरे तर ०९९९ लिहायला हवे. ते शून्य जागेवर बसवताच ८९९१, ८०८२, ८५३२ आणि अखेर ६१७४! डावीकडच्या शून्याला किंमत नसते, असे आपण किती सहज म्हणतो!

कापरेकर मास्तरांनाही बराच काळ असेच शून्य समजले गेले. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हा शोध मांडला. पण जगभर नाव झाले ते १९७५ साली, मार्टिन गार्डनर यांनी एका अमेरिकन मासिकात त्यांच्यावर लिहिले तेव्हा. मास्तर तेव्हा सत्तरीचे होते. १९६६ साली पत्नी निवर्तली होती, निवृत्तिवेतन अपुरे पडे, म्हणून ते शिकवण्या करीत. १९८६ साली देवळालीतच त्यांचे निधन झाले.

त्यांच्याजवळ संगणक नव्हता. होते कागद, पेन्सिल आणि न कंटाळणारे मन. आज प्रोग्रॅम अडला, की मी आधी वही उघडतो. आणि घरी तेरीज जुळली नाही, तर वडिलांच्या शेजारी जाऊन बसतो.