बुकबाइंडरच्या दुकानातला फॅरेडे

मिरजगावहून एसटीने कॉलेजला निघालात आणि मोबाइलची बॅटरी संपली की जीव कासावीस होतो ना? त्या बॅटरीतल्या ‘इलेक्ट्रोड’ला हे नाव दिलं मायकेल फॅरेडेने.

1791 मध्ये लोहाराच्या घरी जन्म, शाळा जेमतेम. चौदाव्या वर्षी बुकबाइंडरकडे उमेदवारी. बांधायला आलेली पुस्तकंच तो वाचायचा! 1812 मध्ये हम्फ्री डेव्हींची व्याख्यानं ऐकली, टिपणं स्वतः बांधून त्यांनाच पाठवली. पुढच्याच वर्षी त्यांचा मदतनीस झाला. दौऱ्यात मात्र नोकराचीही कामं करावी लागली. 1823 मध्ये रॉयल सोसायटीसाठी नाव आलं, तर विरोध खुद्द डेव्हींचाच! तरी निवड झालीच.

गणित कच्चं, पण प्रयोग पक्के. जितकी वीज, तितकी रासायनिक क्रिया, हे त्याने 1833-34 मध्ये मोजून दाखवलं. इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर रेणू काय करतात, हे मात्र तेव्हा दिसत नव्हतं. आज तिथे इन्फ्रारेड किरण सोडतात. प्रत्येक रासायनिक बंध ठरावीक किरणच शोषतो, त्यामुळे प्लॅटिनमला चिकटलेला कार्बन मोनॉक्साइडसुद्धा ओळखता येतो.

1867 मध्ये फॅरेडे गेला. मार्क कमी पडले म्हणून सायन्स सोडायचं ठरवताय? आधी त्याची ती वही आठवा.