महर्षी कर्वे : सवयींचे धन

दरवर्षी जून महिन्यात कॉलेज सुरू झाले की मी एक वेळापत्रक तयार करते. पहाटे पाचला उठणे, एक तास वाचन, एक तास लेखन, रात्री दिवसभराचा आढावा. लाल-निळ्या शाईने ते लिहून भिंतीवर चिकटवते. गणपती येईपर्यंत वेळापत्रक भिंतीवरच राहते आणि मी पुन्हा सातला उठू लागते. दिवाळीची साफसफाई करताना आई तो कागद काढते व जपून ठेवते. तिला वाचता येत नाही. मुलीने एवढे सुंदर लिहिले आहे म्हणजे काही महत्त्वाचेच असणार, असे तिला वाटते.

चांगल्या सवयी लहानपणीच लावून घ्याव्यात, असे आपण पहिलीपासून ऐकत आलो आहोत. त्या कशा लावायच्या आणि लागल्यावर टिकवायच्या कशा, हे मात्र कोणी सांगत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे हा प्रश्न घरी कोणाला विचारावा, तेही कळत नव्हते. गेल्या सुट्टीत कॉलेजच्या ग्रंथालयातून महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ घरी नेले. निबंधासाठी चार मुद्दे मिळावेत, एवढाच हेतू होता. पण पुस्तक वाचून झाल्यावर माझ्या वेळापत्रकाचे काय चुकत होते, ते थोडेफार उमगले. तेच येथे सांगावेसे वाटते.

अण्णासाहेबांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात झाला. दापोलीजवळचे मुरूड हे त्यांचे गाव. घरची स्थिती बेताची. स्वभाव अत्यंत लाजाळू. चारचौघांत बोलायचे म्हटले की त्यांना संकोच वाटे आणि हा संकोच जन्मभर पुरता गेला नाही. मुरूडच्या सोमण गुरुजींनी त्यांना अभ्यासाची आणि त्याबरोबरच गावाच्या कामाची गोडी लावली. हे शिक्षण त्यांना पुढे पदवीइतकेच उपयोगी पडले.

त्यांच्या चरित्रातील साताऱ्याच्या प्रवासाची हकीगत पुष्कळांना ठाऊक असेल. सरकारी नोकरीसाठी उपयोगी पडणाऱ्या परीक्षेला बसायचे होते. पावसाळ्याचे दिवस, समुद्रमार्ग बंद. धोंडू आणि त्याचे सोबती पायी निघाले. कुंभार्ली घाट चढून, शंभराहून अधिक मैलांची वाट तुडवून ते साताऱ्यास पोहोचले. तेथे गेल्यावर परीक्षकांनी या किरकोळ चणीच्या मुलाकडे पाहिले आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे ठरवून त्याला परीक्षेला बसू दिले नाही. वास्तविक त्याला अठरावे वर्ष लागलेले होते. आल्या पावली परत जावे लागले.

हा प्रसंग शाळेत आम्हाला चिकाटीचे उदाहरण म्हणून शिकवला होता. मला आता त्यात आणखी काही दिसते. त्या चालण्याचे फळ त्यांना साताऱ्यात मिळाले नाही. पण चालण्याची सवय त्यांच्या अंगी राहिली आणि पंचवीस वर्षांनी ती एका मोठ्या कामाला आली. चांगल्या सवयीचे फळ परीक्षेच्या निकालासारखे ठरल्या दिवशी लागत नसावे.

अण्णासाहेब १८८१ साली मॅट्रिक झाले. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. आज माझे वय एकोणीस आहे. या वयात ते मॅट्रिकसुद्धा नव्हते, हे वाचून मला केवढा धीर आला! पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ साली गणित विषय घेऊन ते बी. ए. झाले. नंतर मुंबईत शाळांतून शिकवणे आणि घरोघरी जाऊन शिकवण्या करणे, असा त्यांचा दिनक्रम होता. पहाटेच घराबाहेर पडायचे आणि दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत पायपीट करायची.

याच काळात त्यांनी आणखी एक सवय लावून घेतली. कमाई थोडी असली तरी तिच्यातला एक लहानसा हिस्सा सार्वजनिक कामासाठी बाजूला काढायचा. पुढे मुरूडबाहेर नोकरीधंद्याला गेलेल्या मंडळींकडून थोडी थोडी वर्गणी जमवून त्यांनी गावासाठी ‘मुरूड फंड’ उभा केला. फार मिळू लागले की देऊ, असे त्यांनी म्हटले नाही. हे वाचताना मला माझ्या आईची आठवण झाली. दळण निवडताना ती मूठभर धान्य वेगळ्या डब्यात टाकते. माझ्या पहिल्या वर्षाची फी भरायची होती, तेव्हा तो डबाही रिकामा झाला होता.

१८९१ साली गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून अण्णासाहेब पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. पुन्हा लग्न करायचे तर विधवेशीच, असा त्यांनी निश्चय केला आणि १८९३ मध्ये गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या या गोदूबाई पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या. मुरूडकरांनी या विवाहावर ग्रामण्य केले. ज्या गावासाठी पैसा पैसा जमवला, त्या गावात स्वतःच्या आईच्या घरी राहण्याची सोय उरली नाही. अण्णासाहेब भांडले नाहीत. त्यांनी आपले काम मात्र सोडले नाही.

१८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. विधवांना शिकवून स्वतःच्या पायावर उभे करणे, हा त्याचा हेतू होता. १९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. त्या वेळी तिथे धड रस्ताही नव्हता. दिवसभर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे, संध्याकाळी सामानसुमान घेऊन चिखल तुडवीत हिंगण्याला जायचे आणि सकाळी पुन्हा कॉलेजात हजर व्हायचे. साताऱ्याची वाट चाललेले पाय येथे उपयोगी पडले! वर्ग बुडाला नाही, आश्रमही उघडा पडला नाही. कॉलेजच्या सुट्ट्या देणग्या गोळा करण्यात जात. ज्याला बोलण्याचा संकोच, त्याने दारोदार जाऊन मागायचे ही किती कठीण गोष्ट! वक्तृत्व त्यांच्याकडे नव्हते. पण चोख हिशेबाची सवय होती. दिलेला रुपया कुठे गेला हे देणाऱ्याला कळे, म्हणून त्यांच्यावर लोकांचा विश्वास बसला.

येथे एक गोष्ट सांगितली नाही, तर मी अप्रामाणिक ठरेन. अण्णासाहेबांच्या या सवयींची किंमत घराने मोजली. त्यांनी आपल्या आयुष्याचा विमासुद्धा संस्थेला देऊन टाकला. आनंदीबाईंनी ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र लिहिले आहे, त्यातून संसाराची ओढाताण दिसते. नवऱ्याच्या त्यागाची वाखाणणी होते, पण महिनाअखेरीस डबे रिकामे असतात ते बायकोला भरावे लागतात. माझ्या मते महर्षींच्या चरित्राबरोबर हे पुस्तकही वाचले पाहिजे. दुसरे कोणी भार उचलत असते, म्हणून आपल्याला आपले नियम पाळता येतात, एवढे तरी आपण विसरू नये.

१९०७ मध्ये महिला विद्यालय निघाले. १९१४ मध्ये अण्णासाहेब फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. या वयात लोक काशीयात्रेचा विचार करतात. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका त्यांच्या वाचनात आली आणि १९१६ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी भारतातील पहिले महिला विद्यापीठ स्थापन केले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला पंधरा लाखांची देणगी जाहीर केली. आज आपण त्याला एस. एन. डी. टी. म्हणून ओळखतो. पण पंधरा लाख येण्यापूर्वी किती वर्षे पाच-दहा रुपयांच्या वर्गण्या जमवल्या होत्या, ते ध्यानात ठेवले पाहिजे.

१९२९ साली, एकाहत्तराव्या वर्षी, ते युरोप, अमेरिका व जपानच्या दौऱ्यावर गेले. पुढे आफ्रिकेतही जाऊन आले. १९३६ मध्ये खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी मंडळ काढले आणि तुटपुंज्या पेन्शनमधला हिस्सा त्याला देऊ लागले. मुंबईत पहिल्या कमाईबरोबर लागलेली सवय अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही सुटली नव्हती. १९४४ साली जातिभेद निवारण्यासाठी समता संघ स्थापन केला. शंभराव्या वर्षी, १९५८ साली, त्यांना भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, १०४ वर्षांचे आयुष्य जगून ते निवर्तले.

हे सर्व वाचून झाल्यावर मी माझ्या वेळापत्रकाकडे पाहिले. त्यात दहा सवयी होत्या आणि दहाही माझ्यासाठीच होत्या. माझे गुण, माझा वर्ग, माझी नोकरी. अण्णासाहेबांकडे मोजक्याच सवयी होत्या. चालणे, थोडे बाजूला काढणे, हिशेब ठेवणे आणि हाती घेतलेले उद्या पुढे नेणे. त्या एवढ्या लहान होत्या की रोज पाळता येत, आणि कुणाचे तरी काम त्यांवर अडलेले असे, म्हणून मोडता येत नसत. हिंगण्याला मुली वाट पाहत असताना आज कंटाळा आला, असे कसे म्हणणार?

मित्र-मैत्रिणींनो, यंदा जूनमध्ये मी भिंतीवर काही चिकटवले नाही. रात्री जेवणे आटोपली की अर्धा तास आईला अक्षरे शिकवते, एवढी एकच सवय धरली आहे. गणपती गेले, दिवाळी गेली, अजून मोडलेली नाही. मी आळस केला तर आईच पाटी घेऊन समोर येऊन बसते. बाराखडी पुरी झाली आहे. परवा तिने डब्यातून माझे जुने वेळापत्रक काढले आणि बोट ठेवून पहिली ओळ वाचली. पहाटे पाचला उठणे. मग माझ्याकडे पाहून हसली.